आईची 'पिशवी' २०१७ ला काढली होती. आठ वर्षांनी फुफ्फुसात गाठी. कुणाला असा अनुभव आहे का?

कृष्णाकाठची | ९ मे २०२५, रात्री ११:५२

इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. भडंगाच्या धाग्यावर दोनदा भांडले असेन, तेवढंच. आज लिहितेय, कारण घरात हे बोलायला कुणी उरलं नाही. सगळे माझ्याकडेच बघतायत.

आई ५९ वर्षांची. गाव वाळवा तालुक्यात, मी सांगलीत विश्रामबागला. २०१७ च्या जूनमध्ये तिला अंगावरून जायला लागलं, तेव्हा पाळी जाऊन दीड वर्ष झालं होतं. मिरजेत तुकडा तपासला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, स्टेज १बी१. दुर्बिणीतून मोठं ऑपरेशन झालं. पिशवी, तोंड, दोन्ही अंडाशयं, आजूबाजूचा भाग आणि ओटीपोटातल्या १८ लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढल्या. अठराच्या अठरा स्वच्छ. शेक (रेडिएशन) नको, किमो नको. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं, नशीबवान आहात. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच, बाकी सगळं केलं. गणपतीला नवससुद्धा फेडला.

पाच वर्षं तपासण्या वेळेवर झाल्या. त्यानंतर वर्षातून एकदा बोलावलं होतं. एक वर्ष गेलो. मग मुलाची दहावी आली, बाबांचा गुडघा आला, राहून गेलं.

गेल्या डिसेंबरात खोकला सुरू झाला. गुऱ्हाळाचा धूर असेल म्हणून महिना काढला. तालुक्याला एक्स-रे काढला तर डाग. थुंकी दोनदा तपासली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. तरी "टीबीसारखंच दिसतंय" म्हणून एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू केल्या. लघवी केशरी व्हायला लागली तर आई खूश, "औषध लागू पडतंय बघ." दोन महिन्यांत वजन ५४ वरून ४७.

शेवटी सांगलीत सीटी केला. दोन्ही फुफ्फुसांत मिळून तीन गाठी, सगळ्यात मोठी २.४ सेंमी, आणि छातीच्या मध्यभागी एक सुजलेली लसिकाग्रंथी. सुईनं तुकडा घेतला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सरच.

आता मला झोप का येत नाही ते सांगते. तुकडा घ्यायच्या आधी डॉक्टरांनी विचारलं होतं, "आधी कधी कॅन्सर झालाय?" आई म्हणाली, "न्हाई. पिशवीचं आपरेशन झालंय फकस्त." मी शेजारी बसले होते. मीसुद्धा मान डोलावली. खोटं बोलायचं म्हणून नाही हो. आठ वर्षं घरात तो शब्दच कुणी उच्चारला नव्हता. लिफ्टपाशी आल्यावर पोटात गोळा आला आणि मी परत आत पळत गेले.

एवढ्या वर्षांनी तोच आजार फुफ्फुसात येऊ शकतो का? की हा नवाच? आईनं चाळीस वर्षं मशेरी लावलीय, चुलीपुढं आयुष्य गेलं. आणि मुंबईला न्यावं का?

भडंगप्रेमी | १० मे, सकाळी ६:१०

ताई, धाग्यावरची जुनी भांडणं विसरलो. माहितगार लोक आहेत इथे, सावकाश वाचतील. धागा वर राहू दे म्हणून लिहितोय.

हळदबाजार | १० मे, सकाळी ७:३५

तुकडा काढायला नको होता. सुई लावली की पसरतं, आमच्या चुलत्याचं तसंच झालं. आता जे झालं ते झालं. गोमूत्र अर्क आणि राजापुरी हळदीचा काढा सुरू करा. माणूस मी पाठवतो, पैसे नकोत.

स्लाइडबॉक्स | १० मे, सकाळी ९:०२

हळदबाजार, भावना पोचली. पण सुईबद्दलचं बोलणं या धाग्यावर राहायला नको, कारण ते वाचून कुणीतरी उद्याची बायोप्सी रद्द करेल. सुईच्या वाटेनं पेशी पसरणं फार विरळा. तुकड्याशिवाय मात्र कुठलाही कॅन्सरतज्ज्ञ किमो लिहून देणार नाही आणि देऊही नये. चुलत्याचं आधीच पसरलेलं असणार, सुई लावली तेव्हा ते कळलं. कळणं आणि पसरणं एकाच आठवड्यात आलं की माणूस त्यांची गाठ मारतो. हळद भाजीत घाला, उत्तम असते.

कृष्णाकाठची, मी कराडला पॅथॉलॉजीत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक एखाद्या लॅबच्या कपाटात पडून आहे.

स्क्वॅमस हा पेशीचा प्रकार. तो पिशवीच्या तोंडालाही होतो, फुफ्फुसालाही होतो, आणि भिंगाखाली दोन्ही बरेचदा सारखेच दिसतात. नुसत्या रिपोर्टवरून घर कुठलं ते ओळखता येत नाही. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळपास नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशीचा एक ब्रेक मोडतो आणि त्याच्या प्रतिक्रियेत पी१६ नावाचं प्रथिन पेशीत ढिगानं साठतं. त्याचा रंग देऊन तपासणी होते. गाठ अखंड तपकिरी दिसली तर संशय खालच्या आजाराकडे जातो. पण फुफ्फुसाच्या स्वतःच्या कॅन्सरमध्येही कधीकधी पी१६ येतो, म्हणून २०१७ चा तुकडा शेजारी ठेवून बघणं सगळ्यात चांगलं. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग मेणाच्या छोट्या वड्यांत बसवलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. जुना रिपोर्ट शोधा. त्यावर लॅबचा नंबर असेल. तो नंबर घेऊन जा आणि ब्लॉक मागा.

अजिंक्यतारा | १० मे, दुपारी १:२०

हे वाचून हात कापतायत. सातारा. बायकोचं २०२१ ला झालंय, वय तेव्हा ४१. १बी१ च. पोट उघडून केलं होतं. शेक नाही, किमो नाही. आम्हालाही "नशीबवान" हाच शब्द सांगितला होता. आता चार वर्षं झाली, मी मनात पाच मोजत होतो. पाच झाली की सुटलो असं वाटत होतं. तिला हा धागा दाखवणार नाही.

उसाचा_फड | १० मे, दुपारी ३:४५

आपण शेतकरी माणूस, डॉक्टरकीतलं कळत नाही. पण लव्हाळा बघा. नांगरला, कुळवला, वरचं सगळं वेचून बांधावर टाकलं, रान स्वच्छ. जमिनीत हरभऱ्याएवढी गाठ राहते. ती त्या वर्षी उगवेल, नाहीतर दोन वर्षांनी पाणी लागलं की उगवेल. नांगरणारा चुकला असं होत नाही.

वाईचा_घाट | १० मे, रात्री १०:३०

उसाचा_फड, तुमचं उदाहरण मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. एकच दुरुस्ती. लव्हाळा त्याच रानात उगवतो. इथे गाठ पाण्याबरोबर दुसऱ्याच्या रानात जाते आणि तिथे गप्प बसते.

मूळचा वाईचा, मुंबईत कॅन्सरवर औषधोपचार करतो. रिपोर्ट न बघता सल्ला देत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

हो, येऊ शकतो. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर परतायचा असेल तर बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. पाच वर्षांनंतरचे परतावे कमी, दहा वर्षांनंतरचे आणखी कमी, पण वैद्यकात त्यांची नोंद आहे. पाच ही तपासण्यांच्या वेळापत्रकातली सोयीची रेघ आहे. आजाराला ती कुणी दाखवलेली नसते.

हे घडतं कसं? पसरायच्या वाटा दोन. एक लसिकेची: ओटीपोटातल्या ग्रंथी, तिथून पाठीच्या कण्यालगत वर, मग कधी छातीत, कधी डाव्या हसळीच्या (गळ्याखालच्या हाडाच्या) वरच्या खळग्यात. दुसरी रक्ताची: फुफ्फुस, हाडं, यकृत. ऑपरेशनच्या दिवशी काही पेशी आधीच निसटलेल्या असू शकतात. त्या एवढ्या थोड्या असतात की कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत. काढलेल्या अठरा ग्रंथीसुद्धा पूर्ण तपासल्या जात नाहीत, प्रत्येकीचे काही काप बघतात. दोन मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका दोन कापांच्या मध्ये राहू शकतो. अठरा स्वच्छ याचा अर्थ अठरांत काही दिसलं नाही असा घ्यायचा. शिवाय रक्तातून गेलेली पेशी ग्रंथीच्या वाटेला जातच नाही. या पेशी वर्षानुवर्षं न वाढता राहतात आणि मग कधीतरी वाढायला लागतात. कशामुळे जाग्या होतात हे आजही नीट उलगडलेलं नाही.

जुन्या रिपोर्टमध्ये चार गोष्टी बघा. गाठीचा आकार, ती आत किती खोल गेली होती, कडा स्वच्छ होत्या का, आणि रक्त-लसिकावाहिन्यांत पेशी दिसल्या होत्या का. ऑपरेशननंतर शेक द्यायचा की नाही हे यांच्या जोडीवर ठरतं.

अजिंक्यतारा, तुमच्यासाठी. २०१८ मध्ये 'फिगो' या जागतिक संघटनेनं स्टेजची वर्गवारी बदलली. त्याआधी १बी१ म्हणजे चार सेंमीपर्यंतची गाठ. आता १बी१ दोन सेंमीच्या आत, दोन ते चार १बी२, चार आणि पुढे १बी३. तुमच्या पत्नीची २०२१ ची १बी१ आणि या काकूंची २०१७ ची १बी१ एकच असेल असं नाही. लवकर सापडून ऑपरेशन झालेल्या दहा जणींतल्या साधारण नऊ जणी पाच वर्षांनी हयात असतात. तुम्ही दहाव्या बाईची गोष्ट वाचताय, नऊ जणी धागे काढत नाहीत.

कृष्णाकाठची | ११ मे, रात्री ९:१५

फाईल सापडली. गावाकडं ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली. आईनं फाईलवर गौरीच्या फोटोचं कॅलेंडर गुंडाळलं होतं. वरून बघणाऱ्याला जुनं कॅलेंडरच वाटेल.

गाठ २.६ सेंमी. खोली मधल्या तिसऱ्या भागापर्यंत. कडा स्वच्छ. वाहिन्यांत पेशी दिसल्या नाहीत. म्हणजे डॉक्टर, आजच्या भाषेत ही १बी२ ना? आणि शेक द्यायला हवा होता का? खरं सांगा.

वाईचा_घाट | ११ मे, रात्री १०:०५

हो, आजची १बी२. आणि शेकाबद्दल, नाही. वाहिन्यांत पेशी असत्या तर याच आकाराला आणि याच खोलीला शेक सांगितला असता. त्या नसताना मधल्या खोलीच्या गाठीला साधारण चार सेंमीपासून पुढे शेकाचा विचार होतो. १९९९ साली आलेल्या एका अमेरिकी अभ्यासापासून हे निकष जगभर वापरात आहेत. तुम्ही लिहिलंय तेच कागदावर असेल, तर २०१७ मध्ये मीही घरी पाठवलं असतं.

सतारमेकर | १२ मे, सकाळी ८:४०

सगळं गोड गोड चाललंय. दुर्बिणीतून केलं हे कुणी बोलतच नाही! दुर्बिणीनं केलेल्या बायकांत कॅन्सर जास्त परततो हे सिद्ध झालंय. मिरजेत राहतो, चार डॉक्टर शेजारी आहेत. ग्राहक मंचात जा ताई.

वाईचा_घाट | १२ मे, दुपारी २:१५

बोलायला हवं होतं, बरोबर. अभ्यास खरा आहे. ६३१ बायका, निम्म्यांचं पोट उघडून, निम्म्यांचं दुर्बिणीनं किंवा रोबोटनं. साडेचार वर्षांनी आजारमुक्त असणाऱ्या, उघडून केलेल्यांत ९६.५ टक्के, दुर्बिणीत ८६. सगळ्यांना धक्का बसला, कारण उलट किंवा सारखं निघेल अशी अपेक्षा होती. त्यानंतर बहुतेक ठिकाणी पोट उघडून करणं पुन्हा पहिली पसंती झालं.

पण तो छापून आला २०१८ च्या नोव्हेंबरात. काकूंचं ऑपरेशन २०१७ मधलं. त्या वर्षी जगातल्या मोठमोठ्या केंद्रांत हे असंच होत होतं. शिवाय हे गटाचे आकडे आहेत. पोट उघडून केलेल्यांतही परतलाच, आणि दुर्बिणीतल्या शंभरातल्या ८६ जणींना काही झालं नाही. या एका बाईचा त्यामुळेच परतला असं ना मी म्हणू शकतो, ना मंचापुढे कुणी सिद्ध करू शकेल.

कृष्णाकाठची | १२ मे, रात्री ११:३०

सतारमेकर, तुमचा राग कळतो. दुपारी तो आकडा वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, कारण दुर्बिणीचा आग्रह माझाच होता. डॉक्टरांनी दोन्ही सांगितलं होतं. मी म्हटलं, दुर्बिणीनं करा, आई लवकर उठेल, सोयाबीनच्या पेरणीआधी घरी जाईल. गेली पण. तिसऱ्या आठवड्यात भाकरी थापत होती.

मंचात जाणार नाही. टीबीच्या गोळ्यांचे दोन महिने मात्र मला अजून गिळता येत नाहीत. थुंकी दोनदा निगेटिव्ह होती ना? मग तेव्हाच सीटी का नाही? त्यांच्या बाजूनंही विचार करून बघते. आमच्या भागात छातीत डाग म्हटलं की दहातले आठ टीबीच निघत असतील. आणि कॅन्सर झाला होता हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तिथेही "पिशवीचं ऑपरेशन" एवढंच लिहिलंय. मी कागद बघितला.

कास_पठार | १३ मे, दुपारी ४:५०

सातारा जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे, एकोणीस वर्षं. मला या 'पिशवी' शब्दाबद्दलच बोलायचंय.

आमच्याकडे घरोघरी पिशवी काढलेली बाई आहे. पांढरं जातंय, काढा. पाळीत फार जातंय, काढा. कंबर दुखते, काढा. चाळिशीच्या आत काढलेल्या कितीतरी माझ्या रजिस्टरला आहेत. त्यामुळे बाईनं "पिशवी काढलीय" म्हटलं की समोरचा डॉक्टर मान वर करून बघतही नाही, "अपेंडिक्स काढलंय" म्हटल्यासारखं पुढं जातो. त्या गर्दीत कॅन्सरची पिशवी आरामात लपते. घरच्यांनाही लपवायचीच असते, पोरींची लग्नं व्हायची असतात. एवढा सोयीचा शब्द आयता मिळाल्यावर दुसरा कोण वापरेल?

त्याहून वाईट सांगते. माझ्या भागातल्या एका बाईची पिशवी पांढऱ्या पाण्यासाठी काढली. आधी तोंडाची तपासणी नाही, नंतर काढलेली पिशवी तपासणीला पाठवली नाही. वर्षभरानं रक्त जायला लागलं तेव्हा कळलं की आत कॅन्सर होता. साधं ऑपरेशन झालेलं, ग्रंथींना हात लावलेला नाही. मग शेक आणि किमो. तेव्हापासून मी प्रत्येकीच्या नवऱ्याला एकच सांगते, पिशवी लॅबला गेली का, रिपोर्ट कुठाय? दोन्ही हातांनी धरून घरी आणा.

आणि लवकर सापडवायचं तर आपल्याच शेजारी केवढं काम झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयानं मिळून गावोगाव सव्वा लाखाहून जास्त बायका अभ्यासात घेतल्या. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली जगभर छापून आलं. आमच्या उपकेंद्रात व्हिनेगर लावून तपासतात, तिशीपासून, दर पाच वर्षांनी. काही लागत नाही, दोन मिनिटं. तरी बायका येत नाहीत. "मला काय झालंय?" म्हणतात.

स्लाइडबॉक्स | १३ मे, संध्याकाळी ७:२०

काढलेली पिशवी बादलीत जाते हे मीही ऐकलंय. लिहिलंत ते बरं केलंत.

दोन_मुलींचा_बाबा | १४ मे, सकाळी १०:००

लसीचं काय? पुण्याच्या सीरमची आलीय ना २०२३ पासून. मुली १२ आणि १५ वर्षांच्या आहेत. नात्यात कुणाला असेल तर मुलींना जास्त धोका का?

वाईचा_घाट | १४ मे, दुपारी १:१०

थोडक्यात: घ्या. नऊ ते चौदा वयात दोन डोस, पंधराव्या वाढदिवसानंतर तीन. हा आजार प्रामुख्यानं विषाणूचा, आईकडून मुलीला वारशानं येतो असं समजू नका. लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच. झालेल्या कॅन्सरवर लसीचा उपयोग नाही.

धागा_राखण | १५ मे, सकाळी ९:००

लस, सरकार आणि कंपन्या यांवरचे सतरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. अर्काची जाहिरात उडवली आहे. हळदबाजार, पुढच्या वेळी खातं गोठवू.

कृष्णाकाठची | २९ मे, रात्री १०:४०

उशीर झाला, माफ करा. क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

मिरजेच्या लॅबमध्ये नंबर दाखवला. तिथल्या मुलानं आत जाऊन वीस मिनिटांत ब्लॉक आणून दिले. नखाएवढ्या मेणाच्या वड्या, प्लास्टिकच्या जाळीत, कडेला पेन्सिलीनं नंबर. आईची आठ वर्षांपूर्वीची गाठ माझ्या तळहातावर. काय वाटलं ते मला लिहिता येणार नाही. रिक्षात पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

नवा आणि जुना तुकडा एकत्र तपासला. दोन्हींत पी१६ अखंड, दोन्हींत विषाणूचा एकच प्रकार, एचपीव्ही १६, सापडला. म्हणजे तोच. मशेरीवर ढकलायची सोय गेली. आईला त्याचा मात्र आनंद झाला. मशेरीवरून मी तिला आयुष्यभर बोललेय ना. "बघ, मशेरीचा न्हवं."

पेट स्कॅनमध्ये ओटीपोट स्वच्छ. जिथं ऑपरेशन झालं तिथं काही नाही. पाच वर्षं तिथलीच तपासणी होत होती.

मुंबईला जाऊन आलो. सांगलीहून रात्रीची महालक्ष्मी. कुणाला उपयोग होईल म्हणून लिहिते: रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला फॉर्म लागतो, तो सही-शिक्क्यासह आधीच घेऊन ठेवा. आम्हाला जाताना माहीत नव्हतं, येताना मिळाला. राहायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, परळचं हॉस्पिटल तिथून जवळ. तिथं विदर्भातल्या एक मावशी भेटल्या, त्यांचं अकरा वर्षांनी आलंय, मानेत. आई आणि त्या दोघी जिन्यात बसून चटणीच्या कृतींवर बोलत होत्या.

उपचार सांगलीतच करता येतील म्हणाले. किमो, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर तीन आठवड्यांनी, सहा वेळा. एक-दोनच गाठी असत्या तर ऑपरेशनचा किंवा नेमक्या जागी शेकाचा विचार केला असता. मधली ग्रंथी धरलीय म्हणून आधी औषध. बरोबर बेव्हासिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) द्यायचं का ते ठरवायचंय. किमो महात्मा फुले योजनेत बसतेय, त्याची कागदपत्रं चालू आहेत.

वाईचा_घाट | ३० मे, सकाळी ७:४५

योग्य मार्गावर आहात. बेव्हासिझुमॅब किमोबरोबर दिलं तर मध्यक आयुष्य साधारण पावणेचार महिन्यांनी वाढलं, असं २०१४ च्या अभ्यासात दिसलं. मध्यक म्हणजे निम्म्या बायका त्याच्या पलीकडे. रक्तदाब वाढतो, क्वचित आतड्याला किंवा मूत्राशयाला छिद्र पडतं. त्यानंतर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी औषधं आली, २०२१ मध्ये तिचाही फायदा दिसला. त्यासाठी तुकड्यावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन तपासतात. महाग आहे, पण तपासणी करून ठेवा.

पाच वर्षं खालचीच तपासणी का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्या वाक्यात आहे. लक्षण नसताना सगळ्यांचा दरवर्षी छातीचा सीटी काढा असं कुठलीच मार्गदर्शक सूचना सांगत नाही. परतावा बरेचदा बाईला आधी कळतो, मशीनला नंतर. म्हणून अजिंक्यतारा आणि इतरांसाठी लिहितो: नव्यानं रक्त जाणं, तीन आठवडे न हटणारा खोकला, हसळीच्या वर गाठ, कारण नसताना वजन उतरणं. आणि एका पायाला सूज, कमरेतून मांडीत उतरणारी कळ आणि सोनोग्राफीत त्याच बाजूच्या किडनीला सूज, ही तिन्ही एकत्र दिसली तर त्याच आठवड्यात जा. ग्रंथी काढल्यानं पाय तसाही सुजतो, म्हणून बायका दुर्लक्ष करतात.

उसाचा_फड | ३० मे, दुपारी १२:३०

ताई, किमोच्या दिवशी गाडी लागली तर सांगा. कसबे डिग्रजला असतो. लांब नाही.

कृष्णाकाठची | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

पाचवी किमो झाली. केस गेले, भुवया पण. तळपाय बधिर झालेत. चप्पल पायातून निघाली तरी कळत नाही, म्हणून मागे पट्टा असलेली घेतली. तिसऱ्या किमोनंतरच्या सीटीत मोठी गाठ २.४ वरून १.१. एक दिसेनाशी झाली. डॉक्टर "प्रतिसाद आहे" म्हणाले, त्यापुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. बेव्हासिझुमॅब देत नाही आहोत, रक्तदाब आधीच जास्त आहे. उसाचा_फड यांनी दोनदा गाडी आणली. डिझेलचे पैसे घेत नाहीत, दुसऱ्यांदा आईनं जबरदस्तीनं कुरडया दिल्या.

गेल्या मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. किमोनं तोंड आलंय. तिथं फॉर्म होता, पूर्वीचे आजार. मी पेन हातात घेतलं तर आईनं काढून घेतलं. चौथी शिकलीय, अक्षर मोठं आणि तिरकं. लिहिलं, "पिशवीच्या तोंडाचा क्यान्सर २०१७." मग खाली जागा उरली नव्हती म्हणून कडेनं उभं लिहिलं, "आता छातीत." रिसेप्शनवरच्या पोरीनं फॉर्म घेतला, वाचला, आणि आईला पंख्याखाली बसवलं.

कास_पठार | २१ सप्टेंबर, रात्री ८:०५

तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

अजिंक्यतारा | २१ सप्टेंबर, रात्री ११:१०

बायकोनं हा धागा स्वतःच शोधून वाचला होता, जूनमध्येच. मला आज सांगितलं. मी लपवतोय म्हणून ती लपवत होती. आता फाईल जेवणाच्या टेबलावर आहे. तिची गाठ १.४ सेंमी होती, वाहिन्यांत काही नाही. पण फाईलमध्ये नुसता रिपोर्ट आहे, ब्लॉकचा नंबर पुसट झालाय, स्लाइड तर नाहीतच. शनिवारी लॅबला जाऊन विचारणार आहोत.

कृष्णाकाठची | २२ सप्टेंबर, सकाळी ६:४०

आधी फोन करून जा. शनिवारी दुपारी लॅब लवकर बंद होते, आम्ही एकदा परत आलो होतो. नंबर पुसट असेल तर ऑपरेशनची तारीख आणि तेव्हा रिपोर्टवर घातलेलं नाव सांगा. आमच्यात आईचं नाव माहेरचं पडलं होतं.